वास्तूचे सौंदर्य आणि सुताराचा हात

(बोरी बुद्रुक येथे भरलेल्या आपल्या सुतार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नव्हे आणि वक्ताही नव्हे. ह्याच बोरी बुद्रुकमध्ये एका सुताराच्या घरी माझा जन्म झाला, लहानपणी हाती आलेली पटाशी सुटून तिच्या जागी पेन्सिल आली, आणि पुढचे सारे आयुष्य पुण्यास इमारतींचे नकाशे काढण्यात गेले. बोलण्याचा विषय मात्र मी आपण होऊन मागून घेतला. दुपारच्या बैठकीत समाजमंदिराच्या इमारतीचा ठराव आपणापुढे यावयाचा आहे आणि त्यासाठी तयार झालेले दोन नकाशे शेजारच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवले आहेत. त्यांवर मत देण्यापूर्वी, सुंदर वास्तू कशास म्हणावे ह्याचा थोडा विचार आपण एकत्र बसून करावा, एवढाच माझा हेतू आहे.

सौंदर्य हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा नक्षी येते. वेलबुट्टी, महिरप, कमळे, मोर, रंगीत काच ह्यांची आरास जितकी दाट तितकी वास्तू सुंदर, अशी समजूत आपणांत रूढ आहे. नक्षी वाईट असे मी म्हणत नाही. आपल्या पूर्वजांनी ती मोठ्या प्रेमाने कोरली आहे. परंतु नक्षी हा सौंदर्याचा शेवटचा भाग आहे. आरंभीचा भाग म्हणजे माप, आणि त्याची खूण पाहावयास आपणांस ह्या गावाबाहेर जाण्याचे कारण नाही.

आपल्या कुकडीच्या काठी, बोरीच्या शिवारात, ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात त्याचा व त्याच्याशी संबंधित अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास केला, आणि तेव्हापासून आपल्या ह्या लहानशा गावाचे नाव देशोदेशीच्या विद्वानांच्या लेखनात येऊ लागले. ही राख दूर सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून उडून येथवर आली, असे अभ्यासक सांगतात. तिच्या वयाविषयी त्यांच्यात पुष्कळ वाद झाले. त्यात आपण पडावयास नको. मला बोलावयाचे आहे ते त्या काळच्या दगडी हातकुऱ्हाडीविषयी. ज्या माणसास घर बांधणे ठाऊक नव्हते, शेती ठाऊक नव्हती, त्याने दगडाच्या दोन्ही बाजूंनी छिलके उडवून, दोन्ही अंगे समतोल ठेवून, तळहातात नेमकी बसेल अशी कुऱ्हाड घडविली. मांस कापावयास कोणताही धारदार दगड चालला असता. तरी त्याने दोन्ही बाजू सारख्या केल्या. आपल्या धंद्याचा मूळपुरुष शोधावयाचा तर मी त्या अनामिक माणसापर्यंत जाईन. गुण्या आणि ओळंबा पुढे हजारो वर्षांनी आले. पण डोळ्यातील माप त्याच्यापाशी होते.

आता तेथून एकदम लेण्यांच्या काळाकडे येऊ. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा ह्या समूहांत मिळून दोनशेहून अधिक शैलगृहे कोरलेली आहेत. आपण सहकुटुंब लेण्याद्रीस जातो, गिरिजात्मजाचे दर्शन घेतो, नारळ फोडतो आणि परत येतो. पण ज्या दालनात आपण उभे राहतो त्याकडे सुताराच्या नजरेने किती जणांनी पाहिले असेल? ते बौद्ध भिक्षूंच्या निवासाचे लेणे आहे. सुमारे ५७ फूट लांब आणि ५१ फूट रुंद अशा त्या दालनात मधे एकही खांब नाही. तिन्ही बाजूंस मिळून २० खोल्या आहेत. भिंतींवर म्हणण्यासारखे कोरीव काम नाही. असे असूनही त्या दालनात पाऊल ठेवताच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. हे कोणी शिकविले? त्या जागेच्या लांबीरुंदीने, उंचीने आणि दारांतून येणाऱ्या उजेडाने.

त्याच्याच शेजारी चैत्यगृह आहे. तेथे उभे राहून छताकडे पाहा. दगडी कमानीच्या आतून दगडाचेच वासे एकामागून एक उतरलेले दिसतील. हे वासे कशासाठी? डोंगर पोखरून केलेल्या छतास वाशांची गरज नसते. त्याचा भार डोंगरच वाहतो. त्या दगडी वाशांवर कसलाही बोजा नाही. मग पाथरवटाने इतके कष्ट का घेतले? ह्याचे उत्तर असे की, त्या काळी सुंदर आणि पवित्र इमारत म्हणजे लाकडी इमारत हेच लोकांना ठाऊक होते. पाथरवटापुढे नमुना होता तो सुताराच्या कामाचा. मूळ लाकडी इमारती ऊन, पाऊस, वाळवी आणि आग ह्यांनी केव्हाच नाहीशा केल्या; त्यांची आठवण तेवढी दगडाने जपून ठेवली.

तुळजा लेण्यांतील चैत्यगृह तर ह्याहून विलक्षण आहे. ते वर्तुळाकृती आहे. मधे स्तूप, भोवती १२ अष्टकोनी खांब आणि वर घुमट. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे हे काम असावे. खांबांवर नक्षीची एक रेघ नाही. अष्टकोनी खांब कसा होतो हे आपणांस मी काय सांगावे! चौकोनी खांबाचे चारी कोपरे मापाने तासले की तो आठ अंगांचा होतो. उजेड प्रत्येक अंगावर वेगळा पडतो आणि जाड खांबही सडपातळ दिसू लागतो. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील खांबांच्या तळाशी घटाचा आकार आहे. लाकडी खांबास वाळवी लागू नये म्हणून तो मडक्यात उभा करण्याची रीत असावी व तिचीच ही आठवण असावी, असे काही अभ्यासक मानतात. आपण आपल्या घरांत खांबाखाली दगडी तळखडा घालीत आलो, तोही ओलीपासून लाकूड राखण्यासाठीच. उपयोगातून आकार निघाला, आणि आकार पुढे शोभा म्हणून टिकला.

येथवर मी आपल्या तालुक्यातील लेण्यांविषयी बोललो. ह्यापुढची गोष्ट मावळातील कार्ले येथील आहे, आणि ती आपल्या समाजातील प्रत्येक मुलास ठाऊक असावयास पाहिजे असे मला वाटते. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि सुमारे ४५ फूट उंच आहे. त्याच्या छतास जडविलेले कमानदार वासे मात्र खरोखरीच लाकडाचे आहेत, आणि सुमारे दोन हजार वर्षे ते तेथे टिकून आहेत. जवळच्या भाजे येथेही असेच वासे आहेत आणि तेथील लाकडावर ब्राह्मी अक्षरेही आढळली आहेत. कार्ल्याच्या त्या लेण्यात अनेक दात्यांचे लेख कोरलेले आहेत. त्यांतील एका लेखात धेनुकाकट येथील, वेणुवासाचा पुत्र सामी ह्याने घराचे मुख, म्हणजे दर्शनी द्वाराचे काम केल्याची नोंद आहे. त्याच्या नावामागे त्याचा धंदा लिहिला आहे. तो शब्द आहे ‘वढकि’. विदर्भात सुतारास आजही वाढई म्हणतात आणि हिंदीत बढई. दोन्ही शब्दांचे मूळ तेच.

बंधुभगिनींनो, जरा विचार करा. त्या काळच्या कित्येक धनिकांची आणि अधिकाऱ्यांची नावे काळाच्या उदरात गेली. पण एका सुताराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याचा धंदा दगडावर राहिला. त्याने तेथे आपल्या पराक्रमाचे वर्णन केले नाही. मी अमुक गावचा, अमक्याचा मुलगा, सुतार, आणि मी हे दार केले, एवढेच सांगितले. कामाविषयीचा अभिमान ह्याहून स्वच्छ शब्दांत मी कोठे वाचलेला नाही.

वास्तूच्या सौंदर्याविषयी इतके बोलल्यावर तिच्या ध्येयवादाविषयी बोलणे प्राप्त आहे. ही लेणी कोणाच्या पैशातून झाली? राजाच्या भांडारातून सारी झाली नाहीत. जुन्नरच्या लेखांत दान देणाऱ्यांची मोठी मजेदार गर्दी आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचे दान कल्याणच्या सुलसदत्ताने केले. मानमोडी येथे नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम ह्याने पाण्याची पोढी आणि मंडप दिला. यवन म्हणविणाऱ्या परदेशी माणसांनीही दाने दिली; त्यांपैकी एकाने भोजनमंडप दिला, तर दुसऱ्याने पाण्याच्या पोढी दिल्या. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. बांबूचे काम करणारे आणि कासार ह्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून त्यांच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालविल्याचे उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांचा संघ. आज आपण वर्गणी गोळा करून, हिशेब छापून, मेळावा भरवून जे करतो त्याचीच ती प्राचीन पद्धती.

मात्र त्या लोकांनी आपल्या संघाचा पैसा कोठे घातला हे ध्यानात घ्यावे. त्यांनी तो अशा वास्तूंत घातला की जेथे त्यांचे स्वतःचे कुटुंब कधीच राहावयाचे नव्हते. पावसाळ्यात दारोदार फिरणे थांबवून एके ठिकाणी राहणाऱ्या भिक्षूला कोरडी जागा मिळावी, घाट चढून आलेल्या माणसाला थंड पाणी मिळावे, ही त्यामागची इच्छा. शिवनेरीवरील चैत्यगृहाच्या लेखात वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहस्थाने आपले दान सर्व लोकांच्या हितासाठी आणि सुखासाठी असल्याचे नमूद केले आहे. सर्व लोकांच्या! आपल्या नातलगांच्या असे तो म्हणत नाही, आपल्या धंद्याच्या माणसांच्या असेही म्हणत नाही. वास्तूतील ध्येयवाद म्हणतात तो मला ह्या एका शब्दात सापडतो. ज्यांचे तोंड आपण कधी पाहणार नाही, त्यांच्यासाठी चांगले काम करणे, हे त्याचे सार आहे.

हे सारे विचार पुस्तके वाचून माझ्या डोक्यात आले असे आपण समजू नये. त्यांचा पहिला पाठ मला माझ्या वडिलांनी दिला. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. तात्यांचे शिक्षण चौथीपर्यंतही झाले नव्हते. पण गज आणि तसू ह्यांचा हिशेब ते बोटांवर करीत, आणि दहा हातांवरून चौकट पाहून ती किती कललेली आहे हे सांगत. आमचे पाच खणांचे घर त्यांनी आणि चुलत्यांनी मिळून बांधले. तुळई रंधून झाली म्हणजे ते ती उलटी करीत आणि तिची वरची बाजूही रंधून काढीत. वरच्या बाजूवर कड्या आणि पाट बसावयाचे, त्यावर माती यावयाची. ती बाजू जन्मात कोणास दिसावयाची नाही. मी एकदा त्यांना विचारले, “तात्या, ही बाजू कुणाला दिसणार?” ते हात न थांबविता म्हणाले, “पुढं कधी कुणी घर उतरवील ना पोरा, त्या सुताराला दिसंल.”

ते घर गेल्या वर्षी उतरविले. आम्हां भावंडांच्या वाटण्या झाल्या, पुतण्यांना पक्की घरे बांधावयाची होती, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्यांना राहावयाचे त्यांनीच ठरवावयाचे. घर उतरविण्याच्या दिवशी मी मुद्दाम गावी आलो. माती काढली, पाट उचकटले, आणि तुळईची वरची बाजू पुष्कळ वर्षांनी उजेडात आली. ती गुळगुळीत होती. एकाही सांध्यास लोखंडी खिळा नव्हता. प्रत्येक कुसू आपल्या खोबणीत असे बसलेले होते की, ते सोडविताना आमच्या दोघा तरुण कारागिरांना घाम फुटला. त्यांपैकी एकजण थांबून त्या तुळईवरून हात फिरवीत राहिला. तो काही बोलला नाही. तात्यांनी ज्याच्यासाठी ती बाजू रंधली होती, तो सुतार हाच, असे माझ्या मनात आले.

जुन्या घरांचे इतके कौतुक ऐकून कोणी म्हणेल की, हा म्हातारा आपणांस पुन्हा मातीच्या धाब्याखाली नेऊ पाहतो. तसे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील पुष्कळ माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचे मातीचे जड माळवद ह्यांखाली गाडली गेली. आपल्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगराचा कडा कोसळून नाहीसे झाले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. २०१७ साली नव्या जागी नवे गाव वसविण्यात आले. पण गेलेली माणसे आली नाहीत. वास्तूचा पहिला धर्म आत राहणाऱ्याचा जीव राखणे हा आहे. उतार कसा आहे, पाणी कोठून येते, जमीन कशी आहे हे पाहणे म्हणजेच खरे वास्तुशास्त्र. तुळजेचे लेणे कोरले जात होते त्याच सुमारास रोममध्ये विट्रुव्हियस नावाचा एक वास्तुकार होऊन गेला. त्याने वास्तूत तीन गुण मागितले: बळकटी, उपयोग आणि सौंदर्य. क्रमात बळकटी पहिली आहे हे आपण विसरू नये.

नव्या साहित्याविषयीही माझ्या मनात आकस नाही. आपल्या शेजारच्या खोडदची दुर्बीण आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या ह्या परिसरात उभ्या आहेत. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर तिचे वजन आणि वाऱ्याचा दाब पेलण्यास प्रचंड सांगाडा लागला असता. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी ह्यांनी बारीक पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून बसविण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, वजन कमी होते, खर्च वाचतो. संध्याकाळी त्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून वळतात तेव्हा त्या मला सुंदर दिसतात, आणि त्यांच्यावर एकही फूल कोरलेले नाही. साहित्य कमी आणि विचार अधिक, हीच तुळजा लेण्यातील खांबांची रीत पोलादात उतरली आहे.

आणखी एक उदाहरण देतो, आणि ते आपल्या मुलांसाठी देतो. बाळकृष्ण दोशी हे जगप्रसिद्ध वास्तुकार १९२७ साली पुण्यात जन्मले आणि २०२३ साली निवर्तले. त्यांच्या घरचा धंदा लाकडी सामान बनविण्याचा होता. पुढे ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिए ह्यांच्या हाताखाली शिकले, आणि २०१८ साली त्यांना वास्तुकलेतील प्रिट्झ्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांनी मोठमोठ्या संस्थांच्या इमारती बांधल्या, पण मला त्यांचे इंदूर येथील अरण्य वसाहतीचे काम विशेष वाटते. तेथे गरीब कुटुंबांस जोते, पाणी आणि संडास ह्यांची पक्की सोय करून देण्यात आली, आणि उरलेले घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे वाढवावे अशी योजना होती. जेथे लाकूड तासण्याचा आवाज असतो त्या घरातून असा मनुष्य निघू शकतो. आपल्या घरांतून का निघू नये?

आता समाजमंदिराच्या नकाशांकडे येतो. पहिला नकाशा आपल्या उत्साही तरुणांनी करून आणला आहे आणि त्यांच्या कळकळीविषयी मला आदर आहे. त्यात दर्शनी बाजूस मोठी काच, सिमेंटचे दोन हत्ती आणि वर सोनेरी रंगाची कमान आहे. त्यांचे म्हणणे असे की, दर्शनी भाग भपकेदार असला तर लग्नकार्यासाठी सभागृह भाड्याने जाईल आणि समाजास उत्पन्न होईल. हा मुद्दा क्षुल्लक नाही. उत्पन्नाशिवाय संस्था चालत नाही. पण ती काच पश्चिमेस तोंड करून आहे. आपल्या भागातील चैत्र-वैशाखातील ऊन ज्यास ठाऊक आहे त्याने सांगावे की, दुपारी तीननंतर त्या सभागृहात वऱ्हाडी मंडळी कशी बसतील. दुसरा नकाशा साधा आहे. त्यात रुंद ओसरी आहे, उंच छत आहे, वारा आरपार जाण्यास समोरासमोर खिडक्या आहेत, मागे मुलांची अभ्यासिका आणि एक कामशाळा आहे. पहिल्या अंदाजपत्रकात दर्शनी सजावटीस जी रक्कम धरली आहे, तेवढ्यात दुसऱ्यातील अभ्यासिका आणि कामशाळा होते. दोन्ही अंदाजपत्रके नकाशांखालीच ठेवली आहेत. आपण स्वतः ताडून पाहावे.

माझे मत दुसऱ्या नकाशास आहे हे आपण ओळखलेच असेल. पण नकाशा कोणताही निवडा, माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली विनंती अशी की, इमारतीचा सांगाडा भूकंप सोसेल असा सिमेंट-पोलादाचा जरूर करावा, परंतु दार, खिडक्या, ओसरीचे खांब आणि छताखालचे काम आपल्या समाजाच्या कारागिरांनी स्वतः करावे. ज्या समाजाच्या पूर्वजाने कार्ल्यास घराचे मुख केले, त्या समाजाच्या मंदिराचे दार बाजारातून तयार आणावे हे शोभत नाही. आमच्या उतरविलेल्या घराचे सागवान अजून आमच्या खळ्यात रचून ठेवले आहे. जुने लाकूड विकत घेणारे व्यापारी दोनदा येऊन गेले. आम्ही भावंडांनी आणि पुतण्यांनी एकमताने ठरविले आहे की, ते लाकूड समाजमंदिरास द्यावयाचे. त्यातून किती दारे निघतात ते आपले मिस्त्री ठरवतील. एक अट आहे: दाराची मागची बाजूही रंधलेली असावी.

दुसरी विनंती कामशाळेविषयी आहे. आज आपली पुष्कळ मुले शिकून नोकऱ्यांस लागली, ह्याचा मला आनंद आहे. मी स्वतः तेच केले. जी मुले धंद्यात आहेत त्यांच्या हाती यंत्रे आली, प्लायवूड आले, आणि तेही कौशल्याचे काम आहे. पण खिळ्यावाचून सांधा जमविणारे हात आपल्या पंचक्रोशीत आता मोजके उरले आहेत, आणि ते हात म्हातारे आहेत. ही विद्या पुस्तकात उतरत नाही; ती एका हातातून दुसऱ्या हातातच जाते. सुटीच्या दिवसांत आपल्या वृद्ध कारागिरांनी कामशाळेत बसावे आणि मुलांस शिकवावे. मुलींसही शिकवावे. गुण्या धरण्यास मुलाचा हात लागतो आणि मुलीचा चालत नाही, असे मला ह्या आयुष्यात तरी दिसून आलेले नाही.

तिसरी विनंती करताना मी थोडा भीतो, कारण ती काहींस रुचणार नाही. समाजमंदिराची अभ्यासिका आणि पिण्याच्या पाण्याची सोय गावातील सर्व जातींच्या मुलांस खुली असावी. वर्गणी आपली, मग लाभ दुसऱ्यांस का, असे कोणी विचारील. त्याने शिवनेरीस जाऊन वीरसेनकाचा तो लेख पाहून यावा. आपल्या पूर्वजांनी बलुतेदारीच्या काळात साऱ्या गावाचे नांगर केले, साऱ्या गावाच्या गाड्या केल्या, लग्नघराचा पाट आणि तान्ह्या बाळाचा पाळणा केला. गावाच्या कोणत्या घरात आपला हात पोचला नव्हता? सुताराचे काम कधीच एका जातीपुरते नव्हते. मग सुतारांनी बांधलेले मंदिर तरी एका जातीपुरते का असावे? संघ आपला असावा, श्रम आपले असावेत, नावही आपले असावे. पण पाणी पिणाऱ्यास त्याचे नाव विचारले जाऊ नये.

मी आपला फार वेळ घेतला. ठरावावर मत देताना आपण सर्वांनी एवढाच विचार करावा की, आपण नसू तेव्हाही ही इमारत उभी असेल. त्या वेळी हिच्या ओसरीवर बसून एखादे परक्या घरचे मूल पुस्तक वाचीत असेल, आणि एखाद्या दिवशी कोणी तरुण सुतार हिचे दार दुरुस्तीसाठी उतरवील. त्या दोघांसही आपले काम आवडावे. भगवान विश्वकर्मा आपणांस तशी बुद्धी देवो, अशी मी प्रार्थना करतो.